कोलोनचं कॅथेड्रल आणि त्याचा घंटामनोरा: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

जर्मनीला जाणारे आपले बरेच लोक कोलोनचं कॅथेड्रल गाडी बदलताना किंवा सहलीच्या बसमधून उतरून पाहतात. हातात अर्धा तास असतो. दोन मनोऱ्यांचा फोटो, आत एक फेरी, की निघाले. ज्यांच्याकडे थोडा जास्त वेळ असतो ते थेट मनोऱ्याच्या तिकिटाच्या रांगेत उभे राहतात, पाचशेहून जास्त पायऱ्या चढतात, वरून ऱ्हाइन नदी बघतात आणि दमून खाली येतात. मग आत हिंडायला पायात त्राण उरत नाही.

माझं आग्रहाचं सांगणं आहे की क्रम बदला. आधी बाहेरून, मग आतून, आणि मनोरा सगळ्यात शेवटी. या मनोऱ्याचा प्रत्येक मजला कॅथेड्रलच्या बांधकामाची हकिगत सांगतो. ती हकिगत आधी ठाऊक असेल तर प्रत्येक वळणावर काहीतरी दिसतं. नसेल तर तो नुसता दमवणारा जिना उरतो. या सगळ्याला अर्धा दिवस पुरतो.

निघण्यापूर्वी

कोलोनला पोहोचणं सोपं आहे. भारतातून येणारे बहुतेक जण फ्रँकफर्टला उतरतात. तिथल्या विमानतळाच्याच स्थानकावरून जलद रेल्वेने साधारण तासाभरात कोलोन येतं. मुख्य स्थानकातून चौकाच्या बाजूला बाहेर पडलं की समोर कॅथेड्रल उभंच असतं. शोधायला नकाशा लागत नाही.

सामान आधी स्थानकावरच्या लॉकरमध्ये टाका. सुटकेस आणि मोठ्या पाठपिशव्या कॅथेड्रलमध्ये नेऊ देत नाहीत, आणि मनोऱ्याचा जिना इतका अरुंद आहे की मोठी बॅग नेणं कुणाच्याच हिताचं नाही.

वार नीट निवडा. शक्यतो सोमवार ते शुक्रवार, सकाळी नऊच्या सुमारास. रविवारी सकाळी एकामागून एक प्रार्थना असतात, त्यामुळे पर्यटकांना आत हिंडायला दुपारीच मिळतं. रोजच्या प्रार्थनेच्या वेळीही फिरणं बंद असतं. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येणाऱ्या कार्निव्हलच्या दिवसांत सगळं शहर रस्त्यावर असतं आणि कॅथेड्रलच्या वेळाही बदलतात. मनोऱ्याची बंद होण्याची वेळ ऋतूप्रमाणे बदलते. हिवाळ्यात तो लवकर बंद होतो, वादळ किंवा बर्फ असेल तर उघडतच नाही. तिकिटांचे दर आणि नियमही बदलत असतात, म्हणून आदल्या दिवशी कॅथेड्रलचं अधिकृत संकेतस्थळ एकदा बघा. मनोरा आणि खजिन्याचं दालन यांना तिकीट लागतं, हे धरून चला.

पोशाखाचे फार कडक नियम नाहीत, पण खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. आपल्या सवयीच्या उलट एक गोष्ट आहे: इथे पादत्राणं काढायची नाहीत, पुरुषांनी टोपी मात्र काढायची. उन्हाळ्यातही एखादं पातळ जाकीट जवळ असू द्या. वर वारा असतो आणि आत दगडाचा गारवा.

चौकात: आत जाण्याची घाई नको

पश्चिमेच्या दरवाजासमोरच्या चौकात दगडी फुलासारखी एक उंच आकृती उभी आहे. लोक तिच्या कट्ट्यावर बसून सँडविच खातात आणि उठून जातात. मनोऱ्याच्या अगदी टोकावर जे शिखरफूल आहे त्याची ही पूर्ण मापाची प्रतिकृती, सुमारे साडेनऊ मीटर उंच. तिच्याजवळ उभे राहा, मग मान वर करून खरं फूल शोधा. एवढी मोठी वस्तू वर बोटाच्या पेराएवढी दिसते, आणि १५७ मीटर उंची म्हणजे काय ते तिथे कळतं. दोन मनोरे सारखे दिसतात, पण उत्तरेकडचा दक्षिणेकडच्यापेक्षा काही सेंटिमीटरने उंच आहे.

आता इतिहास, आणि तो इथेच उभं राहून वाचा. ११६४ साली आर्चबिशप राइनाल्ड फॉन डासेल याने मिलानहून तीन राजांचे अवशेष कोलोनला आणले. बाळ येशूच्या दर्शनाला पूर्वेकडून आलेले हे तीन राजे. गोव्यात मांडवीकाठच्या रेइश मागुशच्या चर्चला ज्यांचं नाव आहे आणि ६ जानेवारीला ज्यांचा सण गोव्यातल्या गावांमध्ये साजरा होतो, तेच हे. अवशेष आले तशी यात्रेकरूंची रीघ लागली आणि जुनं कॅथेड्रल अपुरं पडू लागलं. १५ ऑगस्ट १२४८ रोजी आर्चबिशप कोन्राड फॉन होख्श्टाडेन याने नव्या इमारतीची पायाभरणी केली. गेरहार्ड नावाच्या प्रमुख कारागिराने फ्रान्समध्ये तेव्हा फुललेली गॉथिक शैली इथे आणली.

पूर्वेकडचा, वेदीचा भाग १३२२ साली पुरा झाला. मग काम मंदावत गेलं आणि सोळाव्या शतकात थांबलंच. दक्षिणेच्या मनोऱ्याचे खालचे दोन मजले उभे राहिले होते. त्यांच्यावर दगड चढवायची लाकडी यारी तशीच राहिली, आणि ती काढली गेली १८६८ मध्ये! सुमारे साडेतीनशे वर्षं कोलोनच्या प्रत्येक जुन्या चित्रात अर्धवट मनोऱ्यावर ती यारी दिसते.

काम पुन्हा सुरू झालं ते १८४२ साली. त्याआधी १८१४ आणि १८१६ मध्ये मध्ययुगीन दर्शनी बाजूचा चार मीटर उंचीचा मूळ आराखडा दोन तुकड्यांत सापडला होता, एक डार्मश्टाटला आणि दुसरा पॅरिसला. एकोणिसाव्या शतकातल्या गवंड्यांनी मनोरे त्याच आराखड्याबरहुकूम पुरे केले. १८८० मध्ये काम संपलं, म्हणजे पायाभरणीनंतर ६३२ वर्षांनी. त्यानंतर १८८४ पर्यंत ही जगातली सर्वांत उंच इमारत होती. मुंबईत राजाबाई टॉवर पुरा झाला तो १८७८ मध्ये, आणि बोरीबंदरचं स्थानक तेव्हा बांधलं जात होतं. मुंबईच्या या इमारतींना टोकदार कमानी आणि कोरीव शिखरं मिळाली ती गॉथिक शैलीच्या याच एकोणिसाव्या शतकातल्या पुनरुज्जीवनातून. त्यामुळे मुंबईकराला कोलोनची दर्शनी बाजू ओळखीची वाटली तर त्यात नवल नाही.

चौकातून दक्षिणेच्या बाजूला वळा. तिथल्या मोकळ्या जागेतून कॅथेड्रलची बरगड्यांसारखी रचना स्पष्ट दिसते. भिंतीपासून दूर उभे असलेले जाड दगडी खांब आणि त्यांच्यापासून वरच्या भिंतीला टेकलेल्या तिरक्या कमानी, म्हणजे फ्लाइंग बट्रेस. आतलं दगडी छत भिंतींना बाहेरच्या दिशेने रेटत असतं. हा रेटा या कमानी झेलतात आणि जमिनीत उतरवतात. भिंतीवरचा भार हलका झाल्यामुळेच तिथे दगडाऐवजी एवढ्या मोठ्या काचा बसवता आल्या. ही एक गोष्ट बाहेर समजून घेतली की आत गेल्यावर डोळे आपोआप योग्य जागी जातात.

दगड काळवंडलेला पाहून अनेकांना वाटतं की ही युद्धातल्या आगीची काजळी. खरं कारण म्हणजे वालुकाश्मावर शतकभर झालेला हवेचा, धुराचा आणि आम्लयुक्त पावसाचा परिणाम. दुसऱ्या महायुद्धात कॅथेड्रलवर १४ मोठे बॉम्ब पडले, तरी सांगाडा टिकला. उत्तरेच्या मनोऱ्याच्या पायथ्याशी १९४३ मध्ये पडलेलं भगदाड तेव्हा घाईघाईने विटांनी भरलं होतं. त्या विटा २००५ पर्यंत उघड्या दिसत. आता त्यांच्यावर दगड चढवला आहे. कुठे ना कुठे बांधणीचं लोखंडी मचाणही दिसेलच. कॅथेड्रलची स्वतःची कार्यशाळा आहे, तिथले पाथरवट, काचकाम करणारे आणि लोहार वर्षभर दुरुस्ती करत असतात. फोटोत मचाण आलं म्हणून हिरमुसू नका, त्यामुळेच ही वास्तू उभी आहे.

आत: पूर्वेकडे हळूहळू

दारातून आत गेल्यावर लाल झग्यातले सेवक दिसतील. ते इथली शिस्त सांभाळतात. त्यांनी हाताने अडवलं तर वाद न घालता थांबा. बहुधा प्रार्थना चालू असते. फोटो चालतात, फ्लॅश आणि तिवई नको. आणि बोलणं कुजबुजीच्या वर जाऊ देऊ नका. बाकांवर गुडघे टेकून बसलेला माणूस तिथे त्याच्या देवापाशी आला आहे, आपण त्याच्या घरात पाहुणे आहोत.

पहिलं काम म्हणजे मधल्या वाटेच्या सुरुवातीला उभं राहून वर बघणं. छत ४३ मीटरहून उंच आहे आणि इमारतीची लांबी १४४ मीटर. खांबांवरून वर जाणाऱ्या बारीक उभ्या रेषा छतापर्यंत तुटत नाहीत, तिथे फांद्यांसारख्या पसरतात आणि समोरच्या खांबाच्या रेषांना भेटतात. बाहेर पाहिलेल्या कमानी कोणता भार पेलतात ते इथे दिसतं.

उजव्या हाताने पुढे चला. या बाजूच्या रंगीत चित्रमय खिडक्या बव्हेरियाचा राजा लुडविग पहिला याने एकोणिसाव्या शतकात दिल्या. पुढे आडव्या दालनाच्या दक्षिण टोकाला एक अगदी वेगळी खिडकी लागते. तिच्यात संत नाहीत की प्रसंग नाहीत, आहेत ते नुसते रंगीत चौकोन. चित्रकार गेरहार्ड रिख्टर यांनी केलेली ही खिडकी २००७ मध्ये बसवली. ७२ रंगांचे ११ हजारांहून अधिक काचेचे तुकडे, आणि त्यांची बरीचशी जुळणी संगणकाकडून यदृच्छेने करून घेतलेली. तिच्यावर तेव्हा वादही झाला होता. मला ती इथे शोभते असं वाटतं, कारण जुन्या खिडक्यांचं मूळ काम, म्हणजे दगडी अंधारात रंगीत प्रकाश आणणं, ती पुरेपूर करते. खिडकी दक्षिणाभिमुख आहे, म्हणून ऊन असलेल्या दिवशी उशिरा सकाळी किंवा दुपारी तिचे रंग जमिनीवर आणि खांबांवर उतरतात.

तिथून वेदीच्या मागून जाणाऱ्या अर्धवर्तुळाकार वाटेवर शिरा. कॅथेड्रलचं खरं वैभव या वाटेवर आहे, आणि घाईतले लोक नेमके इथेच येत नाहीत. उजवीकडच्या एका छोट्या प्रार्थनागृहात श्टेफान लॉखनर याने १४४५च्या सुमारास रंगवलेलं तीन पाखांचं वेदीचित्र आहे. मध्यभागी मरिया आणि तीन राजे, दोन्ही बाजूंना शहराचे रक्षक संत. अगदी पूर्वेच्या टोकाला, मधल्या प्रार्थनागृहातली खिडकी १२६०च्या सुमाराची, इथली सर्वांत जुनी.

तिच्यासमोर वळलात की वेदीच्या मागे काचेत सोन्याची मोठी पेटी दिसते. हीच तीन राजांची पेटी. व्हर्डनचा निकोलस या सोनाराने आणि त्याच्या कार्यशाळेने ११९० ते १२२०च्या आसपास ती घडवली. लांबी सुमारे सव्वादोन मीटर. बाजूंवरच्या संदेष्ट्यांच्या आणि प्रेषितांच्या मूर्तींचे चेहरे नीट पाहा. प्रत्येकाची बसण्याची ढब वेगळी, वस्त्राच्या चुण्या वेगळ्या. हे एवढं मोठं कॅथेड्रल या पेटीसाठी बांधलं गेलं आहे, तेव्हा तिच्यापुढे पाच मिनिटं थांबणं काही जास्त नाही. ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, तिची पुढची पट्टी काढतात आणि आतल्या कवट्यांचं दर्शन होतं.

वाट उत्तरेकडे वळते तिथे गेरोचा क्रूस आहे. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धातली ही ओक लाकडाची, जवळजवळ माणसाच्या उंचीची मूर्ती. इतकी जुनी आणि एवढी मोठी क्रूसमूर्ती युरोपात फारशी उरलेली नाही. डोळे मिटलेले, मान कललेली, पोट पुढे ओघळलेलं. विजयी देव दाखवण्याच्या त्या काळात या कारागिराने वेदना भोगून गेलेला माणूस दाखवला. तुमचा धर्म कोणताही असो, हे पाहून पाऊल थबकतं.

मेणबत्ती लावायची इच्छा असेल तर जरूर लावा. शेजारच्या पेटीत पैसे टाकायचे आणि आधीच्या एखाद्या ज्योतीवरून पेटवायची. त्याला कुणाची हरकत नसते.

मनोरा: ५३३ पायऱ्या

चढायचं की नाही, याचा निर्णय खालीच घ्या. लिफ्ट नाही. पुण्याची पर्वती १०३ पायऱ्यांची. ती लागोपाठ पाच वेळा चढायची तयारी हवी, आणि तीही मोकळ्या हवेत नव्हे तर बंदिस्त, गोल फिरणाऱ्या दगडी जिन्यात. गुडघेदुखी, हृदयाचा त्रास, उंचीची किंवा कोंडलेल्या जागेची भीती असेल तर जाऊ नका. मध्येच परत फिरणंही सोपं नाही, कारण चढणारे आणि उतरणारे एकाच जिन्यावर असतात. चालती मुलं हौसेने चढतात. अगदी लहान मूल असेल तर त्याला पुढ्यात बांधून न्यावं लागेल. बाबागाडी खालीच ठेवावी लागते.

आधी स्वच्छतागृहाला जाऊन या, पाण्याची लहान बाटली खिशात ठेवा, हात मोकळे ठेवा. प्रवेश दक्षिण मनोऱ्याच्या पायथ्याशी, जमिनीखालून आहे. ही वाट थेट मनोऱ्याच्या पायाच्या दगडांतून काढलेली आहे. तिथून जाताना बाजूच्या भिंतीची जाडी बघा. वरचं सगळं वजन या दगडांवर आहे.

मग गोल जिना सुरू होतो. पहिल्या शंभर पायऱ्या लोक उत्साहाने भराभर चढतात आणि तिथेच दमतात. सुरुवातीपासून संथ लय धरा. पायरी आतल्या बाजूला निमुळती होते, म्हणून पाऊल शक्य तितकं बाहेरच्या बाजूला टाका. समोरून कुणी आलं तर दोघांपैकी एकाने भिंतीला चिकटून उभं राहायचं, हसून वाट द्यायची. मागच्याला घाई असेल तर त्याला पुढे जाऊ द्या. श्वास घ्यायला भिंतीतल्या चिंचोळ्या खिडक्यांपाशी थांबा. तिथे थोडी जागा आणि वारा असतो.

हा जिना जिथून जातो तो खालचा भाग मध्ययुगातला. पन्नासेक मीटरवर घंटाघर येतं, आणि जुनं काम थांबलं ती उंची याच सुमाराची. त्यापुढे तुम्ही एकोणिसाव्या शतकात चढत असता. जिन्यातल्या काही पावलांत तीनशे वर्षं मागे पडतात, आणि चौकात वाचलेला इतिहास इथे पायाखाली येतो.

घंटाघर: इथे नक्की थांबा

वर जाण्याच्या ओढीने लोक घंटाघराकडे नुसती नजर टाकून पुढे जातात. माझ्या मते मनोऱ्यातलं सर्वांत मोलाचं ठिकाण हेच.

मोठी घंटा सेंट पीटरची. कोलोनकर तिला लाडाने 'जाडा पीटर' या अर्थाच्या बोलीतल्या नावाने हाक मारतात. वजन २४ टन, व्यास ३.२२ मीटर. आपोल्डा गावच्या हाइनरिख उलरिख या ओतकाऱ्याने ती १९२३ मध्ये ओतली. झोका घेऊन वाजणाऱ्या जगातल्या सर्वांत मोठ्या घंटांपैकी ती एक आहे. तिच्याआधी इथे २७ टनांची घंटा होती, १८७०-७१च्या युद्धात जिंकलेल्या फ्रेंच तोफा वितळवून केलेली. पहिल्या महायुद्धात, १९१८ मध्ये, ती स्वतःच युद्धसाहित्यासाठी वितळवली गेली.

देवळात आपण लोलक हलवतो आणि घंटा जागेवर राहते. इथे उलट आहे. अख्खी घंटा जूवर टांगलेली असते, मोटर तिला झोके देते, आणि पुरेसा झोका मिळाला की आतला लोलक तिच्या काठावर आदळतो. २४ टनांचं धूड हलतं तेव्हा मनोऱ्यावर केवढा ताण येत असेल! तो दगडात थेट उतरू नये म्हणून घंटा वेगळ्या चौकटीवर टांगलेल्या असतात. लोलकही किती सोसतो, याचा प्रत्यय ६ जानेवारी २०११ रोजी आला. त्या दिवशी मोठ्या घंटेचा सुमारे ८०० किलोचा लोलक वाजता वाजता तुटून खाली पडला. कुणाला इजा झाली नाही. त्याच वर्षअखेरीस आधीपेक्षा हलका, सुमारे ६०० किलोचा लोलक बसवला.

शेजारच्या दोन मोठ्या घंटा मात्र मूळच्या पंधराव्या शतकातल्या: प्रेतिओसा १४४८ची आणि स्पेसिओसा १४४९ची. कॅथेड्रल अर्धवट होतं, यारी उभी होती, तेव्हापासून त्या वाजताहेत. युरोपीय घंटेचा हा घाट आपल्याला अगदी अनोळखी नाही. १७३९ला चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यानंतर पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठी मुलखात आल्या. मेणवलीला आणि भीमाशंकरला त्या आजही पाहता येतात. त्या पाहिल्या असतील तर इथे काठाची जाडी, कानांची घडण, अंगावरची अक्षरं कुठे शोधायची ते लगेच कळेल.

तुम्ही तिथे असताना घंटा वाजायला लागल्या तर दोन्ही हातांनी कान झाका, लहान मुलांचे आधी. आवाज छातीत जाणवतो.

माथ्यावर

घंटाघरानंतर आणखी चढ आहे. शेवटी दगडी जिना संपतो आणि आठ बाजूंच्या उंच, मोकळ्या दालनात लोखंडी जिना लागतो. जिन्याच्या फटींतून खालचं दिसतं. ज्यांना त्रास होतो त्यांनी नजर समोर ठेवावी. वरचा सज्जा जमिनीपासून सुमारे शंभर मीटरवर आहे. राजाबाई टॉवरचं टोकसुद्धा याच्या खाली राहील.

सुरक्षेसाठी सगळीकडे जाळी आहे. मोठ्या कॅमेऱ्यापेक्षा मोबाइलची लहान भिंग जाळीच्या छिद्राला टेकवून फोटो चांगले येतात. पूर्वेला ऱ्हाइन आणि तिच्यावरचा होहेनझोलर्न रेल्वे पूल, हवा स्वच्छ असेल तर दक्षिणेला झीबेनगेबिर्गेचे डोंगर. मध्ययुगात या कॅथेड्रलचा पुष्कळसा दगड तिथल्या ड्राखेनफेल्सच्या खाणीतून नदीने यायचा. पण आधी सज्जातून वर, शिखराच्या आतल्या बाजूला बघा. ते पोकळ आहे. दगडाची जाळी कोरत नेलेली आहे आणि तिच्यातून आकाश दिसतं.

उतरताना पायांत कापरं भरतं. एक हात भिंतीला असू द्या, मोबाइल खिशात.

जे चढणार नाहीत त्यांच्यासाठी

बरोबर आई-वडील असतील तर त्यांना तासभर चौकातल्या बाकावर बसवून ठेवू नका. कॅथेड्रलच्या उत्तरेला तेराव्या शतकातल्या तळघरांत खजिन्याचं दालन आहे, ते निवांत बघता येतं. दुसरा पर्याय नदीपलीकडचा. होहेनझोलर्न पुलावरून पायी किंवा एक स्थानक रेल्वेने डॉइट्झला जा. तिथे कोल्न ट्रायँगल या उंच इमारतीच्या गच्चीवर लिफ्टने जाता येतं. मनोऱ्यावरून सगळं शहर दिसतं, पण कॅथेड्रल दिसत नाही. या गच्चीवरून ते पूर्ण दिसतं: पूर्वेची गोलाई, बाहेरच्या कमानी, मागे दोन मनोरे. मनोरा चढलेल्यांनीही संध्याकाळी इथे यावं.

आणि मोठी घंटा ऐकायचीच असेल तर प्रवासाची तारीख त्याप्रमाणे ठरवा. ती रोज वाजत नाही. ख्रिसमस, ईस्टर, नवीन वर्ष अशा मोजक्या मोठ्या दिवसांसाठीच वाजते. ऐकायला मनोऱ्यात जायची गरज नाही. चौकात गर्दी आणि गोंगाट असतो, म्हणून थोडं लांब, नदीकाठी उभे राहा. आधी लहान घंटा चालू असतात आणि हिला झोका धरायला वेळ लागतो, तेव्हा ठरलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी पोहोचा.